कुठपर्यंत पोचतंय?

आमच्या नात्यागोत्यात कुणाचं नेट गेलं की फोन मला येतो. सांगलीच्या एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून बरीच वर्षं काढली, तेवढ्या पुण्याईवर मावसबहिणीच्या मुलापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांची मी बिनपगारी मेकॅनिक. बरेचदा हा फोन व्हॉट्सअ‍ॅपवरूनच आलेला असतो, म्हणजे नेट गेल्याची बातमी नेटवरून येते. मी ते बोलून दाखवत नाही. पण निदान त्या मोबाइलला कुठून तरी काहीतरी मिळतंय, एवढं मला फुकटात कळलेलं असतं.

"काय बिघडलं असेल गं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. त्याला माझ्याकडे उत्तर नसतं आणि मला त्यात रसही नसतो. मी विचारते, "कुठपर्यंत पोचतंय?" लॅपटॉप आणि ती दूरची वेबसाइट यांच्या मधे ठरलेले टप्पे आहेत: लॅपटॉपमधलं वाय-फायचं कार्ड, घरातला राउटर, राउटरला मिळालेली केबलवाल्याची तार, त्याच्या पलीकडचं जग. जवळच्या टप्प्यापासून विचारत निघायचं. शेवटचा जिवंत टप्पा आणि पहिला गप्प टप्पा सापडला की दोष त्या दोघांच्या मधे असतो. ऐकायला हे पहिलीच्या पुस्तकातलं वाटतं. प्रत्यक्षात लोक मधले सगळे टप्पे गाळून थेट "फॉरमॅट मारू का?" इथे येऊन उभे राहतात.

डायलअपच्या, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून नेट लावायच्या दिवसांत हे शिकवावं लागत नसे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या प्रयोगशाळेतही एक मोडेम आला. त्याला छोटा स्पीकर होता. जोडणी होईपर्यंत तो सगळं ऐकवायचा: आधी डायल टोन, मग नंबर फिरवल्याचे सूर, मग पलीकडे वाजणारी रिंग, मग ती प्रसिद्ध किंचाळी, आणि जमलं की शांतता. डायल टोनच आला नाही तर दोष टेलिफोनच्या तारेत. एंगेज टोन आला तर पलीकडच्या लाइनी भरलेल्या. किंचाळी सुरू होऊन मधेच तुटली तर तार आहे, पण खरखर फार. सगळं यथासांग होऊन शेवटी नकार आला तर पासवर्ड चुकलेला, नाहीतर घेतलेले तास संपलेले. मुलं खोलीच्या दुसऱ्या टोकाला प्रॅक्टिकलची वही लिहीत बसलेली असायची आणि मान वर न करता सांगायची, "मॅडम, आज लाइन खराब आहे."

ब्रॉडबँड आलं आणि आवाज गेला, पण आकडे आले. ज्यांनी त्या काळी विंडोज एक्सपीवर 'डायल' बटण दाबून नेट लावलंय त्यांना ६७८ आणि ६९१ हे दोन आकडे आजही आठवत असतील. ६७८ म्हणजे पलीकडून कुणी ओ देत नाही. मोडेम बघा, तार बघा. ६९१ म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे, पण ते तुम्हाला आत घेत नाही. नाव आणि पासवर्ड बघा, बिल भरलंय का ते आठवा. आमच्या कॉलेजच्या क्लार्कना इंग्रजी संदेश वाचायचा कंटाळा होता, पण ते शिपायाला बरोबर सांगायचे, "सहाशे एक्क्याण्णव आहे, अकाउंट्समधे विचार."

आता कोपऱ्यात एक चित्र असतं. वाय-फायचे पट्टे, नाहीतर पृथ्वीचा गोल, त्यावर कधी पिवळा त्रिकोण. या चित्रावर लोकांचा भलताच विश्वास. ते ठरतं कसं ते एकदा कळलं की तो विश्वास बेताचा होतो. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून एक चिमुकली टेक्स्ट फाइल मागवतं. तिच्यात 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढाच मजकूर असतो. तो जसाच्या तसा आला की इंटरनेट आहे; नाही आला, किंवा त्याच्या जागी दुसरंच काही आलं, तर नाही. ही मागणी मुद्दाम साध्या, कुलूप नसलेल्या वाटेने केली जाते. हॉटेलात किंवा विमानतळावर आधी लॉगिनचं पान पुढे करतात ना, ते आडवं आलंय हे ओळखता यावं म्हणून. म्हणजे हे चित्र खोटं बोलत नाही, पण त्याला फार थोडं माहीत असतं. ती फाइल अडली आणि बाकी सगळं चालू राहिलं, असंही होतं. उलटंही होतं. मामाच्या बाबतीत उलटं झालं होतं.

मामा देवरुखला राहतो. हायस्कूलमधून निवृत्त झालेला शिक्षक. मामेभाऊ जर्मनीला गेला तेव्हा जुना लॅपटॉप घरी ठेवून गेला, आणि तो कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली पडून होता. मामाला महाभूमीच्या साइटवरून सातबारा काढायचा होता. मोबाइलवर गट नंबर वाचताना डोळे दुखतात म्हणून त्याने लॅपटॉप बाहेर काढला, चार्जिंगला लावला आणि अर्ध्या तासाने मला फोन केला.

"नेट गेलंय."

"मोबाइलवर चालतंय का?"

"चालतंय की. तुझ्याशी बोलतोय तो काय तारेवरून?"

"मोबाइलचा डेटा बंद कर. नुसतं वाय-फाय ठेव आणि एखादं पान उघड. मग सांग."

ही पायरी गाळणारे सर्वांत जास्त. वाय-फाय मेलं की मोबाइल गुपचूप आपल्या सिमच्या डेटावर जातो, आणि माणूस मात्र 'मोबाइलला येतंय, लॅपटॉपला येत नाही' असं ठाम सांगून आपल्याला लॅपटॉपच्या मागे लावतो. मामाकडे डेटा बंद केल्यावरही पान उघडलं. म्हणजे राउटर जिवंत, केबलवाल्याची तार जिवंत, पलीकडचं जग जिवंत. दोष लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांत. तसं मी सांगितलं तर मामाला उगाच वाईट वाटलं, मुलाची वस्तू.

कोपऱ्यात पट्टे होते, त्रिकोण नव्हता. विमानाचं चित्रही नव्हतं. (काही जुन्या लॅपटॉपना कडेला वाय-फायची सरकती कळ असते. पिशवीतून काढताना ती सरकते आणि मग तासभर लोक सेटिंग्ज चिवडत बसतात.) मग मी त्याला आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी उघडायला लावली आणि लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा एकेक अक्षर सांगत टाइप करायला सांगितली. मामाने शिक्षकी शिस्तीत प्रत्येक अक्षर मोठ्याने उच्चारून परत म्हटलं.

मला इथे एक आकडा दिसेल असं वाटत होतं: १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता. वाय-फायला जोडल्यावर लॅपटॉप नव्याने वर्गात आलेल्या मुलासारखा उभा राहून सगळ्यांना विचारतो, मी कुठे बसू? राउटर एक जागा देऊ करतो, लॅपटॉप म्हणतो हीच द्या, राउटर म्हणतो घे. चार निरोपांत काम होतं, आणि ती जागाही कायमची नाही, ठरावीक मुदतीपुरती भाड्याने असते. कुणीच उत्तर दिलं नाही तर लॅपटॉप स्वतःच १६९.२५४ च्या ओळीतली एखादी जागा धरून बसतो. पत्ता मिळाल्यासारखा दिसतो, पण तो घराबाहेर पोचवत नाही. हा आकडा दिसला की मी खूश होते. पत्ता सोडणारी 'रिलीज' आणि नव्याने मागणारी 'रिन्यू' या दोन आज्ञा, नाहीतर राउटर एकदा बंद-चालू, आणि बहुतेक वेळा काम फत्ते.

मामाने वाचलं, "एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सात." राउटरने पत्ता दिलेला होता. इथपर्यंतही जिवंत.

मग पिंग. ही आज्ञा ज्यांनी कधी चालवली नाही त्यांनी एकदा चालवून बघावी. अमेरिकेच्या लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस नावाचा प्रोग्रामर होता. डिसेंबर १९८३ मधे नेटवर्क विचित्र वागायला लागलं म्हणून त्याने एका संध्याकाळी बसून हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधताना सोनार आवाज सोडतं आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतं, त्या आवाजावरून नाव दिलं. एक पुडकं सोडायचं, परत येतं का आणि किती वेळात येतं ते मोजायचं. बस. आज जगातल्या जवळपास प्रत्येक संगणकावर हा प्रोग्राम कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. म्यूस पुढे २००० साली मोटार अपघातात गेला. पिंगबद्दल त्याने सांगून ठेवलेला एक किस्सा मला फार आवडतो. एका ठिकाणी नेटवर्क मधूनमधून तुटायचं आणि दोष काही हाती लागत नव्हता. तिथल्या एकाने प्रत्येक यशस्वी पिंगला संगणकाने 'पिंग' असं बोलावं अशी सोय केली, तो आवाज ऑफिसातल्या स्टिरिओला जोडून मोठ्ठा केला आणि इमारतभर फिरून एकेक जोड हलवून बघितला. ज्या जोडाला हात लावल्यावर आवाज थांबला तो बिघडलेला. म्हणजे आमची मुलं मोडेमवर जे करायची तेच, फक्त अमेरिकेत.

"मामा, आता पिंग, जागा सोड, आणि आठ टिंब आठ टिंब आठ टिंब आठ."

हा गूगलचा सार्वजनिक पत्ता. त्याला पिंग करायचं कारण एवढंच की तो लक्षात राहतो आणि बहुतेक नेहमी उत्तर देतो. मामाकडे चारही उत्तरं आली. मामा हरखला. "अगं, हे अमेरिकेहून आलं का?" अमेरिकेहून नाही, त्या पत्त्यामागे जगभर यंत्रं आहेत आणि जवळचं उत्तर देतं, हे मी त्या वेळी नाही सांगितलं. उगाच त्याचा आनंद कशाला घालवा.

आकड्याला उत्तर येतंय पण नावाला येत नाही, ही पुढची नेहमीची जागा. संगणकाला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. इंटरनेटच्या बाल्यावस्थेत सगळ्या यंत्रांची नावं आणि त्यांचे आकडे एका साध्या फाइलमधे असत. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधे एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी सांभाळत. नवं यंत्र आलं की त्यांना कळवायचं, मग ते यादीत घालणार, मग बाकीच्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. यादी हाताबाहेर जायला लागली तेव्हा १९८३ मधे पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून आकडा शोधून देणाऱ्या डीएनएसची रचना मांडली, आणि नावांची जबाबदारी जगभर वाटली गेली. त्या जुन्या फाइलची वंशज 'होस्ट्स' नावाने आजही प्रत्येक विंडोजमधे पडलेली आहे, आणि कुणी हौशी मुलाने तिच्यात एखादी ओळ लिहून ठेवली असेल तर तेवढी एकच साइट कधीच बरोबर जागी पोचत नाही. डीएनएस आजारी असलं की माणसाला वाटतं सगळं इंटरनेट बुडालं. प्रत्यक्षात रस्ते मोकळे असतात आणि फक्त पत्ता सांगणारा झोपलेला असतो.

मामाचा पत्ता सांगणाराही जागा होता. नावाने पिंग केलं, उत्तर आलं. प्रॉक्सीचा, म्हणजे सगळी वाहतूक मधल्या एका यंत्रामार्फत नेण्याचा खटका बघितला. ऑफिसच्या लॅपटॉपवर तो चालू राहून गेलेला असतो आणि घरी आल्यावर सगळं अडवतो. तोही बंद. सगळीकडे पोचतंय आणि तरी काहीच उघडत नाही. तेव्हा मी तो प्रश्न विचारला जो खरं तर लोक पहिल्यांदाच, न विचारता सांगतील अशी आपली अपेक्षा असते.

"मामा, पान उघडत नाही म्हणजे स्क्रीनवर नक्की काय येतं?"

"काहीतरी इंग्रजीत येतं. मी बंद करतो."

"या वेळी बंद करू नको. वाच."

"युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट." क्षणभर थांबून, "घरात मी एकटाच आहे गं. आणखी किती प्रायव्हेट हवंय त्याला?"

"त्याच्या खाली बारीक अक्षरात?"

त्याने चष्मा पुसला असावा. मग एकेक अक्षर वाचत गेला, आणि शेवटचे दोन शब्द 'डेट' आणि 'इनव्हॅलिड' असे आले. मी म्हटलं, खाली उजवीकडे तारीख काय आहे? तारीख होती १ जानेवारी, आणि साल २०१५.

कपाटात पडून लॅपटॉपची मोठी बॅटरी पूर्ण उतरली होती, आणि आत मदरबोर्डवर घड्याळ चालवायला जो बटणासारखा छोटा सेल असतो तोही संपला होता. वीज आल्यावर यंत्र जागं झालं आणि त्याने आपल्याला माहीत असलेली पहिली तारीख धरली. आता प्रत्येक सुरक्षित वेबसाइट आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवते. त्यावर 'या तारखेपासून' आणि 'या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. लॅपटॉप ते प्रमाणपत्र बघतो आणि म्हणतो, हे तर अजून सुरूच व्हायचंय. प्रत्येक साइटला हाच नकार. आणि ती चिमुकली टेक्स्ट फाइल साध्या वाटेने येते, तिला प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून कोपऱ्यातलं चित्र छान हसतमुख. विंडोजला नेटवरून वेळ जुळवून घेता येते, पण फरक फार मोठा असला तर ते आपणहून जुळवायला धजत नाही.

अशीच गंमत मोठ्या प्रमाणावर ३० सप्टेंबर २०२१ रोजी झाली होती. असंख्य साइट्स ज्या एका मूळ प्रमाणपत्राच्या भरवशावर होत्या त्याची मुदत त्या दिवशी संपली. नव्या यंत्रांना त्याची जागा घेणारं प्रमाणपत्र आधीच मिळालं होतं. वर्षानुवर्षं अपडेट न झालेल्या यंत्रांना मिळालं नव्हतं. तार तीच, राउटर तोच, पण अनेक जुन्या लॅपटॉपवर आदल्या दिवशी उघडणारी पानं उघडेनात. त्या दिवशी मला आलेल्या प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य तेच होतं, "नेट गेलंय."

मामाने तारीख बदलली, पान उघडलं, सातबारा निघाला.

आता बंद करून पुन्हा चालू करण्याबद्दल. कस्टमर केअरला फोन केला की पलीकडचा मुलगा काहीही ऐकण्याआधी हेच सांगतो, आणि दहातल्या पुष्कळ वेळा ते चालतंही. राउटर हाही एक छोटा संगणकच. दिवसेंदिवस चालू राहून त्याच्या तक्त्यांत जुन्या नोंदी साचतात, मुदती संपलेले पत्ते अडकून बसतात, पलीकडच्या यंत्राशी असलेली जोडणी अर्धवट मरते. वीज गेली की ही सगळी पाटी कोरी होते आणि तो पुन्हा पहिल्यापासून नीट विचारायला लागतो. यात जादू नाही. माझी तक्रार दुसरीच आहे. पाटी कोरी केली की तिच्यावर काय लिहिलं होतं तेही जातं. नेट चालू होतं, लोक धन्यवाद म्हणतात, आणि पुढच्या मंगळवारी तेच पुन्हा. म्हणून माझा घरचा नियम असा की आधी दिवे बघायचे, पत्ता बघायचा, पिंग करायचं, आणि मगच स्विचला हात लावायचा. दोन मिनिटं लागतात. कुणी ऐकत नाही.

कधी कधी दोष आपल्या हाती लागणारच नाही इतका लांब असतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या आणि भारतात युरोप-अमेरिकेकडे जाणारी वाहतूक रखडली. आमच्या प्रयोगशाळेत मुलं राउटरची वायर काढून फुंकर मारून परत लावत होती.

पण कोकणात बहुतेक वेळा अलेक्झांड्रियापर्यंत जावं लागत नाही. खांबावरून, आंब्यावरून, कुणाच्या तरी कौलांवरून फायबरची काळी तार आलेली असते. आत काचेचा जो तंतू असतो त्याच्या गाभ्याची जाडी नऊ मायक्रॉन, केसापेक्षा कितीतरी बारीक. पावसात फांदी पडते, खार कुरतडते, कुणी रंग देताना तार जोरात वाकवून खिळ्यात अडकवतो. काच न तुटता नुसती जास्त वाकली तरी प्रकाश बाहेर गळतो. राउटरवर मग एलओएस नावाचा लाल दिवा लागतो; सिग्नल हरवला, एवढाच त्याचा अर्थ. हा दिवा लाल असताना लॅपटॉपवर काहीही करणं व्यर्थ आहे. मोडेमच्या आवाजानंतर इतकं सरळ बोलणारं मला दुसरं काही भेटलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मामाकडे तो लागला. मामाने या खेपेला मला फोन केलाच नाही, ही हकिगत मला मामीकडून कळली. त्याने आधी राउटरला पिंग केलं, मग आठ-आठ-आठ-आठला केलं, मग चष्मा लावून दिवे बघितले, आणि केबलच्या ऑफिसात फोन करून सांगितलं, "राउटरपर्यंत पोचतंय, पुढे नाही. लाल दिवा आहे. बंद करून चालू केलं का ते विचारू नका, केलेलं नाही आणि करणारही नाही." पोरगा मोटरसायकलवर आला. त्याच्याकडे लाल प्रकाश सोडणारं पेन होतं. ते तारेच्या एका टोकाला लावलं की जिथे काच तुटली असेल तिथून लाल उजेड बाहेर फुटतो. परसातल्या आंब्याच्या दुबेळक्यात तो दिसला. खारीचं काम. पाऊस भुरभुरत होता, म्हणून तंतूची दोन टोकं यंत्रात ठेवून वितळवून जोडेपर्यंत मामा त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिला आणि प्रत्येक गोष्ट विचारत राहिला. मीटरवर प्रकाशाचा आकडा किती आला? वजा एकवीस. किती हवं? वीसच्या आसपास उत्तम, वजा सत्तावीसच्या पलीकडे गेलं की दिसेनासं होतं. मामाने ते वहीत लिहून घेतलं.

जाताना पोराने विचारलं, "सर, तुम्ही कुठल्या कंपनीत होतात?"

"इतिहास आणि भूगोल," मामा म्हणाला.